जोडणी उलट क्रमाने

स्वयंपाकाच्या पुस्तकाबद्दल मत द्यायचं असेल तर त्यातले चार पदार्थ तरी करून बघावे लागतात. गाडीदुरुस्तीच्या पुस्तकालाही हाच नियम लावायला हवा. म्हणून आधीच सांगून टाकतो की ज्या पुस्तकाबद्दल इथे लिहितो आहे, त्याच्या माझ्या प्रतीची निम्मी पानं ग्रीसने काळी झाली आहेत आणि ब्रेकच्या प्रकरणातली दोन पानं एकमेकांना कायमची चिकटली आहेत. पुस्तक म्हणजे हेन्स प्रकाशनाचं ‘एमजीबी’ या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल. त्याच्या जोडीला दोन टीव्ही मालिकांबद्दलही लिहिणार आहे, कारण हल्ली जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची हौस बहुतेकांना पुस्तकातून नाही, टीव्हीवरून लागते. इंग्लंडमधल्या माझ्या ओळखीच्या तिघांना गेल्या वर्ष-दोन वर्षांत ही हौस लागली. मुलं विद्यापीठात गेली, गॅरेज रिकामं झालं, आणि फोन आला: “घ्यावी का? आणि घरच्या घरी जमेल का?” हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला जरा लांबलेलं उत्तर आहे.

गाडीची ओळख आधी करून देतो. एमजीबी १९६२ साली बाजारात आली आणि १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत राहिली. छप्पर दुमडणारी रोडस्टर आणि पक्क्या छपराची जीटी मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. इंजिन १७९८ सीसीचं, बीएमसी कंपनीच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातलं. हे घराणं आपल्याला परकं नाही. आपली ॲम्बेसेडर कितीतरी वर्षं ज्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनवर धावली, ते याच बी-सिरीजचं. म्हणजे लहानपणी कुणाच्या मामाच्या ॲम्बेसेडरचं बॉनेट उघडलेलं पाहिलं असेल, तर एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर ओळखीचा चेहरा दिसल्यासारखं वाटतं. सोपी गाडी आहे, सुटे भाग आजही नवे मिळतात, आणि ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साच्यांवर दाबलेली अख्खी नवी बॉडीसुद्धा विकते. घरी शिकायला याहून बरी गाडी मला माहीत नाही.

आता पुस्तकाकडे वळू. जॉन हेन्स यांनी शाळकरी वयात ऑस्टिन सेव्हनवरून स्वतःची एक गाडी बनवली होती आणि ती कशी बनवायची याची पुस्तिका छापून विकलीही होती. पुढे ते रॉयल एअर फोर्समध्ये गेले आणि त्यांची नेमणूक एडनला झाली. एडन म्हटलं की मराठी माणसाला वासुदेव बळवंत फडके आणि त्यांचा तुरुंग आठवतो. हेन्स यांच्या गोष्टीतलं एडन वेगळं आहे. तिथे एका सहकाऱ्याने बेडकासारख्या डोळ्यांची ऑस्टिन-हीली स्प्राइट घेतली होती. तिचं इंजिन खोलायचं होतं आणि कंपनीचं अधिकृत पुस्तक घरगुती माणसाला काहीच कामाचं नव्हतं. दोघांनी मिळून काम केलं आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला. त्यातून १९६६ साली पहिलं हेन्स मॅन्युअल निघालं, ते याच स्प्राइटचं. पद्धत तेव्हा ठरली ती ठरली. खरी गाडी आणायची, ती खरोखर खोलायची, पुन्हा जोडायची आणि जे घडलं ते लिहायचं.

या पद्धतीतच पुस्तकाचा मोठेपणा आहे. कारखान्याचं मॅन्युअल गृहीत धरतं की तुमच्याकडे कंपनीची खास हत्यारं आहेत, लिफ्ट आहे आणि पाच वर्षांचं प्रशिक्षण आहे. हेन्सचा लेखक गृहीत धरतो की तुमच्याकडे पान्यांचा एक संच आहे आणि शनिवार मोकळा आहे. फोटोत दिसणारे हात मळलेले असतात. कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर, कुठल्या ठिकाणी बोटं जात नाहीत, हे त्या हातांना ठाऊक असतं.

एक उदाहरण देतो. इंजिनात आठ व्हॉल्व्ह आहेत आणि प्रत्येकाच्या टोकाशी ठरावीक फट ठेवावी लागते, इंजिन थंड असताना ०.०१५ इंच. फट मोजायची तर तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला हवा. तो मिटलाय हे बाहेरून कसं कळणार? पुस्तकात जोड्यांचा तक्ता आहे. आठवा पूर्ण उघडला की पहिला तपासा, सहावा उघडला की तिसरा, पाचवा उघडला की चौथा. जोडीची बेरीज कायम नऊ येते. एकदा हे लक्षात आलं की तक्ताही लागत नाही. दुसरं उदाहरण एसयू कार्ब्युरेटरचं. त्यातला पिस्टन बाजूच्या छोट्या पिनेने जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा आणि कान द्यायचा. इंजिनाचा वेग वाढला आणि तसाच राहिला तर पेट्रोल जास्त जातंय. इंजिन बसायला लागलं तर कमी जातंय. क्षणभर किंचित वाढून पुन्हा स्थिर झालं तर बरोबर आहे. असे दोन कार्ब्युरेटर आहेत. दोघे सारखी हवा ओढतात का हे पाहायला रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं आधी एकाच्या तोंडाशी आणि मग दुसऱ्याच्या तोंडाशी धरायचं, आणि दोन्ही फुसकारे सारखे ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. हे सगळं कागदावर शब्दांत उतरवणं किती कठीण आहे याचा विचार करा. पुस्तक ते बिनबोभाट करतं.

मला यावरून आपल्या ‘रुचिरा’ची आठवण होते. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक १९७० सालचं. परदेशी निघालेल्या किती बॅगांतून ते गेलं असेल! त्याची कीर्ती झाली ती वाटी-चमच्याच्या मापांमुळे. घरात जे भांडं आहे त्याने मोजा, असं ते सांगतं. दोन्ही पुस्तकांची गरज एकाच कारणाने निर्माण झाली. दाखवणारं माणूस जवळ नाही. ओट्याशी आई नाही, बॉनेटशी वस्ताद नाही. जे एरवी बघून बघून शिकायचं, ते वाचून शिकावं लागतंय. अशा पुस्तकाची कसोटी एकच. एकट्या पडलेल्या माणसाला ते खरं सांगतं का?

हेन्स बहुतेक वेळा खरं सांगतं. पण एका ठिकाणी ते सर्रास हात वर करतं, आणि ते ठिकाण इतकं प्रसिद्ध आहे की इंग्लंडात त्यावर विनोद चालतात. भाग कसा काढायचा हे वीस पायऱ्यांत समजावून झालं की शेवटी एवढंच येतं: बसवताना हेच उलट क्रमाने करा. ज्याने एकदा तरी काहीतरी खोललंय त्याला माहीत आहे की ही थाप आहे. खोलताना बोल्ट सुटला की काम संपतं. बसवताना तोच बोल्ट साफ करावा लागतो, त्याचे आटे तपासावे लागतात, जुनं गॅस्केट खरवडावं लागतं, नवं सरकू न देता भाग बरोबर जागी धरावा लागतो आणि मग ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने आवळावं लागतं. सिलिंडर हेडचे नट ४५ ते ५० पाउंड-फूट, मधून बाहेरच्या बाजूला, एका दमात नव्हे, टप्प्याटप्प्याने. उलट क्रम म्हणजे जिथून निघालो तिथे त्याच वाटेने परत जाणं. ते तितकं सोपं नसतं हे परदेशी राहणाऱ्या वाचकाला मी काय सांगणार!

पुस्तकाची दुसरी उणीव अधिक गंभीर आहे, आणि तो पुस्तकाचा दोष म्हणण्यापेक्षा काळाचा आहे. हे मॅन्युअल लिहिलं गेलं तेव्हा एमजीबी ही रस्त्यावरची चालू गाडी होती. पुस्तकातला बोल्ट पाच-सात वर्षांचा आहे. तो पाना लावला की फिरतो. तुमच्या गॅरेजमधला पन्नास वर्षांचा आहे, तो फिरत नाही. माझ्या गाडीच्या हीटरच्या व्हॉल्व्हचा एक स्टड असाच तुटला. पुस्तकात त्या कामाला दोन ओळी आहेत, मला तीन आठवडे लागले. शेवटी शेजारचे एक म्हातारे गृहस्थ मदतीला आले. जन्मभर कारखान्यात फिटर म्हणून काम केलेले. त्यांनी तुटलेल्या स्टडकडे पाहिलं आणि दुसरा शाबूत होता तो कसा सोडवायचा ते दाखवलं. दोन दिवस रोज गंजतेल मुरवायचं, थोडी आच द्यायची, आणि मग सोडवायच्या आधी तो किंचित आवळायचा. आवळताना गंजाची पकड मोडते आणि मग तो सुटतो. ही एक गोष्ट पुस्तकात असती तर माझे तीन आठवडे वाचले असते. पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या गाडीला गंजच नव्हता, तो तरी काय करणार?

गंजाचा प्रश्न एमजीबीत स्टडपुरता नाही. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचं अंग हाच सांगाडा. दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी लांब पेटी जाते, तिला इंग्रजीत सिल म्हणतात, म्हणजे उंबरा. या घराचा उंबरा हाच घराचा आधार आहे, विशेषतः छप्पर नसलेल्या रोडस्टरमध्ये. ती पेटी तीन थरांची आहे, बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि खालची पट्टी. पाणी आत साठतं आणि ती आतून कुजते. कुजलेल्या सिलवर नवा चकचकीत पत्रा नुसता डकवून, वर रंग मारून गाड्या विकल्या जातात. माझीही तशीच विकली गेली होती. आणि नीट बदलायला जाल तर बाहेरच्या सिलचं टोक पुढच्या विंगच्या मागे दडलेलं असतं, म्हणजे विंगही काढावी किंवा कापावी लागते. त्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवं बांधून ती ताठ ठेवावी लागते. ते न करता सिल कापली की गाडी मधोमध वाकते आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही. एवढं सगळं वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळणार नाही. त्यासाठी लिंडसे पोर्टर यांचं एमजीबीची खरेदी आणि घरगुती पुनर्बांधणी यावरचं वेगळं पुस्तक आहे. ते खरेदीच्या आधी वाचायचं, नंतर नाही. माझ्या वहीत एका बाजूच्या सिलपुढे चौदा शनिवारांच्या तारखा आहेत.

आता टीव्हीकडे येऊ. ‘व्हीलर डीलर्स’ ही मालिका २००३ मध्ये सुरू झाली. माइक ब्रूअर जुनी गाडी स्वस्तात घेणार, एड चायना ती दुरुस्त करणार, मग विकून नफा मोजायचा. मी ती वर्षानुवर्षं आवडीने पाहिली, ती एड चायना यांच्यासाठी. उंचपुरा, केशरी हातमोजे घातलेला हा माणूस भाग हातात धरून तो काय करतो, का बिघडला, नवा केवढ्याला आणि महागडं हत्यार नसेल तर काय वापरायचं, हे शांतपणे सांगायचा. ते चांगलं शिकवणं होतं. पण कार्यक्रमाच्या शेवटी जो हिशेब यायचा तो खोटा होता. गाडीची किंमत अधिक भागांची किंमत, वजा विक्री. एड यांच्या तासांची किंमत शून्य. लपवाछपवी नव्हती, उघड संकेतच होता. तरीही पाहणाऱ्याच्या मनात ठसतं की जुन्या गाडीत पैसे सुटतात. घरी काम करणाऱ्याने आपली मजुरी शून्य धरायला हरकत नाही, पण मग त्याला नफा म्हणू नये. हौस म्हणावी. २०१७ मध्ये एड चायना यांनी मालिका सोडली, तेव्हा दुरुस्तीचे तपशील कमी करण्याचा निर्मात्यांचा आग्रह आपल्याला मान्य नाही, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. गाडीवरच्या कार्यक्रमात सगळ्यात अवघड आणि खर्चिक गोष्ट म्हणजे काम दाखवणं. तेच गाळलं की उरतं ते घासाघीस आणि टाळी.

दुसरी मालिका ‘कार एसओएस’, २०१३ पासूनची. टिम शॉ आणि फझ टाउनशेंड एखाद्याच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडलेली लाडकी गाडी घरच्यांशी संगनमत करून, मालकाला अंधारात ठेवून नेतात, कारागिरांच्या मदतीने नवी करतात आणि अचानक त्याच्यासमोर आणतात. मालक रडतो, आपणही रडतो. इथे टीका जपून करायला हवी, कारण त्यातले बरेचसे मालक आजाराने किंवा घरातल्या दुःखाने खचलेले असतात. ज्याला पाना उचलता येत नाही त्याला कुणी गाडी करून दिली तर त्यात वाईट काय? शिवाय फझ यांचं कसब अस्सल आहे. माझी तक्रार वेगळी आहे. कार्यक्रमाच्या शेवटी गाडी नवी होते, पण मालकाला तिच्याबद्दल आधी जेवढं माहीत होतं तेवढंच नंतर माहीत असतं. पुढच्या हिवाळ्यात ती सुरू झाली नाही तर तो पुन्हा तिथेच. पुनर्बांधणीला एक शेवट असतो आणि त्यावर पडदा टाकता येतो. देखभालीला शेवट नसतो, म्हणून तिच्यावर मालिका निघत नाही.

इथे मला आपल्याबद्दल थोडं बोलायचं आहे. आपल्यातले निम्मे लोक इंजिनीअर आहेत. तरीही त्या तीन फोनांमध्ये एक समान वाक्य होतं: “हाताने काही केलं नाही रे कधी.” हे खरं आहे. गावाकडे गाडी बिघडली की मेस्त्रीला बोलवायचं, आणि मेस्त्री बहुधा वेगळ्या वस्तीतून यायचा. त्याचा चहा कधीकधी वेगळ्या कपात यायचा, हेही आपण पाहिलेलं आहे. त्याला कळत होतं ते ज्ञान आणि आपल्याला शाळेत मिळत होतं ते ज्ञान, यांची आपण एकत्र गणना केली नाही. श्रम स्वस्त होते म्हणून शिकायची गरज नव्हती, एवढं आर्थिक कारण आहेच. ब्रिटनमध्ये साठ-सत्तरच्या दशकात गॅरेजची मजुरी परवडत नव्हती म्हणून लोक स्वतः गाडीखाली गेले आणि हेन्सचा धंदा चालला. पण आपल्याकडे पैशाच्या खाली दुसरंही एक कारण होतं, हात मळण्याची लाज. हेन्स मॅन्युअलच्या मुखपृष्ठावर टेरी डेव्ही यांनी काढलेलं ते सुप्रसिद्ध चित्र असतं, पत्रा पारदर्शक करून आतला प्रत्येक भाग दाखवणारं. त्या चित्राचा अर्थ मला फार उशिरा कळला. आतलं कुणालाही बघता येतं, त्याला जन्म वा परवाना लागत नाही, असं ते पुस्तक मुखपृष्ठापासून म्हणत असतं. पहिल्यांदा कार्ब्युरेटर जुळला तेव्हा मला आमच्या आळीतल्या मेस्त्रींची आठवण आली. ते हे काम नळीशिवाय, नुसत्या कानाने करायचे. त्यांचं नाव मला माहीत नाही. आम्ही त्यांना मेस्त्रीच म्हणायचो.

तर घ्यावी का? घ्या. पण ही सामग्री कशी वापरायची ते सांगतो. मालिका पाहा, पण शिकण्यासाठी ‘व्हीलर डीलर्स’चे जुने भाग पाहा आणि नफ्याचा हिशेब सोडून द्या. खरेदीआधी पोर्टर वाचा आणि गाडीखाली वाकून सिल तपासा, रंग तपासू नका. मॅन्युअल घ्या, आणि काढताना प्रत्येक पायरीचा स्वतः फोटो काढा, म्हणजे उलट क्रमाची थाप तुमच्यापुरती खरी होईल. विजेच्या बिघाडाला ल्यूकस कंपनीला शिव्या द्यायची इथे रीत आहे. शिव्या देण्याआधी अर्थिंगच्या जोडण्या घासून साफ करा, बहुतेक वेळा अंधार तिथेच असतो. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, पुढे ऋण टोक जोडू लागले. त्यामुळे आपली गाडी कुठली ते पाहिल्याशिवाय बॅटरीला हात लावू नका.

काही गोष्टी जुन्या प्रतीत सापडणार नाहीत. २०२१ च्या सप्टेंबरपासून इथलं साधं पेट्रोल ई-१० झालं. त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं, तेव्हा नळ्या बदला किंवा महागातलं ई-५ भरा. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि मुळात फारसा बदल न केलेल्या गाडीला मे २०१८ पासून एमओटी तपासणीची सक्ती नाही. ही सवलत घेऊ नका, दरवर्षी स्वखुशीने तपासणी करून घ्या. ब्रेकचं काम स्वतः केलं असेल तर विशेषच. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, आधी पक्के स्टँड लावा. हे पुस्तकातही लिहिलं आहे, पण ती पानं सहसा कोरी राहतात.

जॉन हेन्स २०१९ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी कंपनीने जाहीर केलं की नव्या गाड्यांची छापील वर्कशॉप मॅन्युअल यापुढे निघणार नाहीत. जुनी मिळत राहतील. नव्या गाड्या घरी खोलण्याजोग्या राहिल्याही नाहीत, त्यामुळे निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे एमजीबीचं हे पुस्तक आता एका संपलेल्या परंपरेतलं ठरतं. अपुरं आहे, काही ठिकाणी थापा मारतं, आणि तरीही त्याच्याइतकं वाचकावर विश्वास टाकणारं दुसरं पुस्तक माझ्या कपाटात नाही. कपाटात म्हणजे गॅरेजमधल्या फळीवर. घरात आणायला बायकोची मनाई आहे, पानांना हात लागला की सोफा खराब होतो.